साचा कोणाचा? प्लास्टिक-प्रक्रियेतील कौटुंबिक व्यवसायांचा इतिहास समजून घेताना

युरोपीय संघाच्या देशांत ३ जुलै २०२४ पासून एक छोटासा नियम लागू झाला. तीन लिटरपर्यंतच्या, एकदाच वापरायच्या पेयबाटलीचे प्लास्टिकचे झाकण उघडल्यानंतरही बाटलीला जोडलेलेच राहिले पाहिजे, असा तो नियम आहे; सुटी झाकणे समुद्रकिनाऱ्यांवर मोठ्या संख्येने सापडत होती, म्हणून तो करण्यात आला. झाकण पिताना तोंडाला आडवे येते अशी तक्रार ग्राहकांनी केली आणि बातम्याही बहुतेक त्या तक्रारीच्याच झाल्या. झाकणे तयार करणाऱ्या कारखान्यांसाठी मात्र हा बदल बराच खोलवरचा होता. झाकण ज्यात घडते तो पोलादी साचा, त्याची कडा चिरणारी पाती, झाकण बाटलीवर बसवणारे यंत्र आणि अनेकदा खुद्द बाटलीच्या तोंडाचा घाट, एवढे सगळे त्यासाठी तपासावे किंवा बदलावे लागले.

हे काम करणारे पुष्कळ कारखाने आजही कुटुंबांच्या मालकीचे आहेत. प्लास्टिक उद्योग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तेलकंपन्या आणि त्यांचे अवाढव्य रासायनिक प्रकल्प येतात, परंतु प्लास्टिकला वस्तूचे रूप देणारा या उद्योगाचा दुसरा अर्धा भाग मुख्यतः लहान आणि मध्यम आकाराच्या कारखान्यांचा असून त्यांतील कित्येक आजोबांनी सुरू केलेले आणि नातवंडांनी चालवलेले आहेत. असे का झाले, ही घराणी कशावर टिकतात आणि कशाने अडचणीत येतात, हे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात घराण्यापासून करण्यापेक्षा वस्तूपासून केलेली बरी.

प्लास्टिक-प्रक्रिया म्हणजे नेमके काय?

प्लास्टिकची कोणतीही साधी बादली हातात घ्या आणि उलटी करा. तळाच्या मध्यभागी एक बारीकसा उंचवटा किंवा खरखरीत ठिपका दिसेल. वितळलेले प्लास्टिक साच्यात शिरले ते याच ठिकाणाहून. आता काठावरून बोट फिरवा. कुठेतरी एक अगदी बारीक रेघ नखाला जाणवेल. साच्याचे दोन भाग एकमेकांना भिडतात तो हा सांधा. साच्यातून वस्तू बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे पुसट गोल ठसे कुठे कुठे उमटलेले असतात. बादली वरून रुंद आणि खाली किंचित निमुळती असते, त्यामुळे बादल्या एकात एक बसतात ही सोय आपल्याला ठाऊक असते. पण तो निमुळतेपणा नसेल तर थंड झालेली बादली साच्यातून सुटणारच नाही, हे कारण त्या सोयीच्याही आधीचे आहे. प्रत्येक प्लास्टिकच्या वस्तूवर तिच्या जन्माची अशी खूण असते, आणि ती एकदा वाचता आली की वस्तूकडे पाहण्याची नजरच बदलते.

रासायनिक कंपन्या प्लास्टिक तयार करतात ते दाण्यांच्या रूपात, साधारण मुगाएवढ्या किंवा मसुरीएवढ्या आकाराचे. हे दाणे विकत घेऊन त्यांच्यापासून वस्तू बनवणे म्हणजे प्लास्टिक-प्रक्रिया. तिच्या अनेक पद्धती आहेत. पाइप किंवा पट्टी सलग ओढून काढता येते, बाटली आत हवा भरून फुगवता येते, पातळ पत्रा तापवून साच्यावर ओढता येतो. या लेखात मात्र मुख्यतः इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने बंद साच्यात भरण्याच्या पद्धतीचा विचार करू, कारण कौटुंबिक व्यवसायांचा इतिहास तिच्यात सर्वांत स्पष्ट दिसतो.

यंत्राच्या डोक्यावरच्या नरसाळ्यातून दाणे एका तापलेल्या नळकांड्यात पडतात. आत एक जाड स्क्रू फिरत असतो. तो दाणे पुढे ढकलतो, घुसळतो आणि वितळवतो. पुरेसा रस पुढे साठला की तोच स्क्रू पिचकारीच्या दट्ट्यासारखा पुढे सरकतो आणि वातावरणाच्या दाबाच्या कित्येक शेकडो पट दाबाने तो रस बंद साच्यात भरतो. साच्याच्या भिंतींतून पाणी खेळवलेले असते, त्यामुळे रस गोठतो, साचा उघडतो, खिळे वस्तू बाहेर ढकलतात आणि साचा पुन्हा मिटतो. या एका फेरीला कारखान्यात शॉट म्हणतात. ज्याने हे काम जवळून पाहिले आहे त्याच्या कानात त्या फेरीचा ताल बसलेला असतो; ताल किंचित जरी बिघडला तरी अनुभवी माणूस यंत्राकडे न पाहता मान वळवतो.

सगळीच प्लास्टिके मात्र पुन्हा वितळत नाहीत. काही मेणासारखी असतात, तापवली की मऊ आणि गार केली की घट्ट, पुन्हा पुन्हा. काही भाजलेल्या विटेसारखी असतात. एकदा पक्की झाली की पुन्हा माती होत नाही. १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी तयार केलेले बेकेलाइट या दुसऱ्या प्रकारचे. पुढे जे सांगायचे आहे ते पहिल्या, मेणासारख्या प्रकाराविषयी आहे.

यात महाग काय असते?

बहुतेकांना वाटते की यंत्र महाग किंवा प्लास्टिक महाग. दोन्हींना पैसे लागतातच, पण या धंद्याचे गणित ज्याच्याभोवती फिरते तो साचा.

समजा, एक साचा करायला १० लाख एकके खर्च येतो आणि प्रत्येक नगाला प्लास्टिक, वीज व मजुरी मिळून १ एकक लागते. अशा साच्यातून १० हजार नग काढले तर साच्याचा वाटा धरून प्रत्येक नग १०१ एककांना पडेल. १० लाख नग काढले तर २ एककांना, आणि १ कोटी काढले तर १.१ एककांना. वस्तू तीच, साचाही तोच. फरक फक्त किती वर्षे आणि किती वेळा तो उघडमीट झाला याचा. कठीण केलेल्या पोलादाचा उत्तम साचा १० लाखांहून अधिक शॉट देतो. म्हणजे आज खर्च केलेला पैसा वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने परत येतो आणि तो तसा येऊ देण्याची तयारी असणाऱ्यालाच हा धंदा मानवतो.

घाई करून तो लवकर परत मिळवता येत नाही, याला एक भौतिक कारणही आहे. शॉटचा सर्वांत मोठा हिस्सा बहुधा गोठण्यात जातो आणि गोठण्याचा वेळ भिंतीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट होतो. म्हणून कुशल कारागीर वस्तू मजबूत करण्यासाठी भिंत जाड करण्याऐवजी आतल्या बाजूने बारीक फासळ्या देतो. वेळेआधी साचा उघडला तर पृष्ठभागावर खळगे पडतात किंवा वस्तू वाकडी होते. हे ज्ञान आज पुस्तकांत आणि संगणकावर उपलब्ध आहे, पण कोणत्या साच्याचा कोणता कोपरा दमट हवेत त्रास देतो, हे त्याच साच्याजवळ वीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसालाच माहीत असते.

येथे एक प्रश्न विचारणे फार महत्त्वाचे आहे, आणि माझ्या मते कोणत्याही प्रक्रिया-उद्योगाचा इतिहास उलगडण्याची तीच किल्ली आहे. साचा कोणाचा? दुसऱ्याने दिलेला साचा यंत्रावर चढवून त्याच्यासाठी नग काढून देणारा कारखाना जॉब वर्क करत असतो. साचा ग्राहकाच्या मालकीचा असतो आणि ग्राहक रुसला तर तो साचा उचलून दुसरीकडे जातो. दाणे विकणारी कंपनी अवाढव्य, माल घेणारी कंपनीही अवाढव्य, आणि मधला प्रक्रिया करणारा अडकित्त्यातल्या सुपारीसारखा. ज्या कुटुंबाने स्वतःची वस्तू शोधली आणि तिचा साचा स्वतः घडवला, ते या अडकित्त्यातून पुष्कळ अंशी सुटले. बहुतेक घराण्यांच्या दुसऱ्या पिढीपुढचा खरा निर्णय हाच असतो.

हा धंदा घराण्यांकडे का गेला?

या उद्योगाची सुरुवातच दोन भावांनी केली. अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट हे बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधत होते. त्यातून सेल्युलॉइड हे सुरुवातीचे प्लास्टिक पुढे आले, त्याला ते नाव दिले त्यांचे बंधू आयझाया यांनी, आणि १८७२ मध्ये या दोघा भावांनी तापवलेले सेल्युलॉइड दट्ट्याने दाबून भरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आजच्या इंजेक्शन मोल्डिंग यंत्राचा तो पूर्वज. आपण ज्याला आधुनिक काळाचे प्रतीक मानतो ते यंत्र दीडशे वर्षांहून जुने आहे, हे मला नेहमी विशेष वाटते.

तरीही घराण्यांची खरी लाट आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धकाळात वाढलेल्या कारखान्यांतून पॉलिथीन, पॉलिस्टायरीन यांसारखी प्लास्टिके आता नागरी वापरासाठी मिळू लागली होती, लोकांना रोजच्या वस्तू हव्या होत्या आणि सुतार, कुलूप बनवणारे, धातूची बारीक कामे करणारे कारागीर नव्या कामाच्या शोधात होते. एका यंत्रावर धंदा सुरू करता येत असे. घराला लागून कार्यशाळा असली तर रात्रपाळीही घरच्याच माणसांनी करावी, कारण यंत्र थंड होऊ देणे म्हणजे नळकांडे पुन्हा तापवण्यात आणि सुरुवातीचे खराब नग फेकण्यात वेळ व माल दोन्ही घालवणे. हातात साचे करण्याची कला आणि घरात तीन-चार जोडी हात, एवढ्या भांडवलावर अनेकांनी सुरुवात केली.

जर्मनीतील लॉसबुर्ग या ब्लॅक फॉरेस्टमधल्या गावाचे उदाहरण पाहा. आर्थर हेल यांनी १९२३ मध्ये तेथे शस्त्रक्रियेची सूक्ष्म उपकरणे बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. युद्धानंतर हे कुटुंब कॅमेऱ्यांसाठी फ्लॅशची उपकरणे बनवू लागले. दमट हवेत त्या उपकरणांच्या जोडपिना गंजत, म्हणून त्या प्लास्टिकमध्ये मढवून काढायच्या असे ठरले. पण एवढ्या लहान कामाला साजेसे यंत्र बाजारात मिळेना. तेव्हा १९५४ मध्ये त्यांनी स्वतःच एक हाताने चालवायचे छोटे यंत्र बनवले. आपली अडचण दुसऱ्यांचीही आहे हे लवकरच लक्षात आले आणि १९५६ पासून ती यंत्रे विक्रीसाठी तयार होऊ लागली. आर्थर आणि लॉसबुर्ग या दोन नावांची अक्षरे जोडून झालेले आर्बुर्ग हे नाव आज जगभरच्या मोल्डिंग कारखान्यांत यंत्रांवर दिसते, आणि कार्ल व यूजेन या आर्थर यांच्या मुलांनी वाढवलेली ही कंपनी आजही कुटुंबाकडेच आहे. गंजणाऱ्या एका पिनेपासून यंत्रनिर्मितीच्या उद्योगापर्यंतचा हा प्रवास झाला, कारण अडचण ज्याच्या टेबलावर आली त्याच्याच हातात हत्यारे होती आणि त्याला कोणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती.

सुताराचे घर आणि प्लास्टिकची वीट

या सगळ्या गोष्टी एकाच घराण्यात एकत्र पाहायच्या असतील तर डेन्मार्कमधील बिलुंडला जावे लागते. ओले कर्क क्रिस्टियानसेन यांनी १९१६ मध्ये तेथे सुतारकामाची कार्यशाळा घेतली. जागतिक मंदीत घरबांधणीचे काम आटले, तेव्हा १९३२ पासून ते लाकडी खेळणी करू लागले, आणि पुढे त्या खेळण्यांना त्यांनी लेगो हे नाव दिले. युद्धानंतर लगेचच त्यांनी ब्रिटनमध्ये बनलेले इंजेक्शन मोल्डिंग यंत्र विकत घेतले. लाकडाचे काम उत्तम चाललेले असताना एका सुताराने हा पैसा घालावा, हे अनेकांना धाडसाचे वाटावे असेच होते.

१९४९ मध्ये त्यांनी एकमेकांवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा बाजारात आणल्या. ही कल्पना पूर्णपणे त्यांची नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ब्रिटनमधील हिलरी फिशर पेज यांच्या किडिक्राफ्टच्या विटा त्याआधीच्या होत्या आणि बिलुंडची वीट त्यांच्यावरूनच सुचली. या सुरुवातीच्या विटा आतून पोकळ होत्या, त्यामुळे त्या एकमेकांवर बसत पण घट्ट धरत नसत. ओले कर्क यांचे चिरंजीव गोटफ्रेड यांनी विटेच्या आत नळ्या देण्याची युक्ती काढली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला. वरच्या विटेतील नळी खालच्या विटेच्या उंचवट्यांमध्ये दाबून बसते, आणि पकड येते ती केवळ या दाबातून. त्याच वर्षी ओले कर्क यांचे निधन झाले.

ही पकड किती अंशाची, हे पाहिले की साच्याचे महत्त्व कळते. फार सैल असेल तर मनोरा कोसळतो, फार घट्ट असेल तर लहान मुलाला विटा सोडवता येत नाहीत. या दोन्हींतले अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आत सांभाळावे लागते, लक्षावधी शॉट झाल्यावरही. १९५८ची वीट आजच्या विटेवर बसते यामागे हीच शिस्त आहे. १९६३ पासून विटांसाठी आधीच्या सेल्युलोज ॲसिटेटऐवजी एबीएस हे प्लास्टिक वापरात आले, कारण ते आकार अधिक नेमका राखत असे. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

फेब्रुवारी १९६० मध्ये लाकडी खेळण्यांचे गोदाम आगीत जळाले. लाकडाचा विभाग पुन्हा उभा करायचा की नाही, हा प्रश्न भावंडांपुढे आला. गोटफ्रेड यांनी लाकूड कायमचे सोडून केवळ प्लास्टिकच्या विटेवर सर्व लक्ष द्यायचे ठरवले. त्यांचे दोन भाऊ कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. बाहेरून पाहणाऱ्याला आज हा निर्णय सरळ वाटतो, पण बापाच्या हातची कला असलेले लाकूड सोडणे आणि सख्खे भाऊ दुरावणे ही त्याची किंमत होती. घराण्याच्या व्यवसायात धंद्याचा प्रत्येक निर्णय घरातही घेतला जातो. इतर कंपन्यांत दोन संचालकांचे पटले नाही तर एक राजीनामा देतो, येथे ती फट जेवणाच्या टेबलापर्यंत जाते.

तेल महागले तेव्हा

प्लास्टिकचे दाणे तेल आणि नैसर्गिक वायू यांपासून बनतात, म्हणून तेलाच्या भावावर प्रक्रिया करणाऱ्याचा काहीच ताबा नसतो. १९७३च्या तेलसंकटात काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून सुमारे १२ डॉलरवर गेला. दाणे महागले आणि मिळेनासेही झाले.

जर्मनीतील त्सिर्नडॉर्फ येथील ब्रांडस्टेटर कुटुंबाचा व्यवसाय १८७६ मध्ये कुलपे आणि पेट्यांच्या कड्या-बिजागऱ्यांपासून सुरू झाला होता. युद्धानंतर ते प्लास्टिककडे वळले आणि १९५८ मध्ये हुला हूप या कमरेभोवती फिरवायच्या कड्यांची लाट आली तेव्हा त्यांनी ती भरपूर विकली. पुढे मुलांनी बसून चालवायची मोठी वाहने वगैरे वजनदार वस्तू ते करत होते. तेल महागल्यावर वजनदार वस्तू परवडेनाशा झाल्या. तेव्हा प्रमुख असलेल्या हॉर्स्ट ब्रांडस्टेटर यांनी कमीत कमी प्लास्टिकमध्ये जास्तीत जास्त खेळ देणारी वस्तू पुढे आणण्याचे ठरवले. हान्स बेक हे त्यांच्याकडचे रचनाकार काही वर्षांपासून साडेसात सेंटिमीटर उंचीच्या छोट्या माणसांवर काम करतच होते, पण आतापर्यंत त्यांना अग्रक्रम नव्हता. १९७४ मध्ये ती माणसे प्लेमोबिल या नावाने न्यूरेंबर्गच्या खेळणी-प्रदर्शनात आली.

येथे पुन्हा साच्याचे गणित दिसते. मोठ्या गाडीला दाणे जास्त आणि गोठायला वेळही जास्त. छोट्या माणसाला दाणे ग्रॅममध्ये, एका साच्यात अनेक खण आणि एका शॉटला अनेक अवयव. दाणे महागल्यावर मूल्य वजनातून काढून आकारात आणि कल्पनेत घालणे हा त्यावरचा खरा उपाय होता, आणि तो सुचला कारण न खपणाऱ्या कल्पनेवर काही वर्षे काम करू देणारा मालक तेथे होता.

घरचा म्हणून खुर्ची, हे योग्य आहे का?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून घराण्यांचे कौतुक करण्यात अर्थ नाही. साच्यांवर प्रेम असणे आणि हिशेब जमणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आडनावाबरोबर दोन्ही येतातच असे नाही.

लेगोच्याच बाबतीत २००३ आणि २००४ ही वर्षे मोठ्या तोट्याची ठरली. कारणे अनेक होती, पण एक कारण थेट आपल्या विषयाशी जोडलेले आहे. नव्या नव्या संचांसाठी रचनाकार नवे नवे आकार मागत गेले आणि वेगवेगळ्या सुट्या भागांची संख्या १२,०००च्या पुढे गेली. प्रत्येक नव्या आकाराला नवा साचा. आणि जो साचा थोडेच शॉट मारून कोपऱ्यात पडतो तो वर मांडलेल्या उदाहरणातल्या १०१ एककांच्या नगासारखा तोट्याचा असतो. साच्याचा सर्वांत मोठा वारसा असलेल्या घराण्याने साच्याचेच गणित विसरावे, इतके हे सोपे आणि इतके गंभीर होते.

२००४ मध्ये गोटफ्रेड यांचे चिरंजीव केल्ड यांनी कार्यकारी प्रमुखपद सोडले आणि ते कुटुंबाबाहेरच्या यॉर्गेन विग क्नुडस्टॉर्प यांच्याकडे दिले. भागांची संख्या कमी करण्यात आली, कंपनीच्या करमणूक-उद्यानांतील बहुतांश हिस्सा २००५ मध्ये विकला गेला आणि लक्ष पुन्हा विटेवर आले. मालकी मात्र कुटुंबाकडेच राहिली. तीन चतुर्थांश हिस्सा कुटुंबाच्या किर्कबी या कंपनीकडे आणि एक चतुर्थांश लेगो फाउंडेशनकडे आहे. मालकी घरात आणि कारभार योग्य माणसाकडे, ही फारकत ज्यांना वेळेवर जमते ती घराणी तरतात, असे मला या इतिहासावरून वाटते. केल्ड यांनी ती संकट दारात आल्यावर केली, पण केली.

त्रिमितीय छपाई आल्यावर साच्याची गरज उरेल का?

संगणकावरच्या आराखड्यावरून थर चढवत वस्तू बनवणारी यंत्रे आता सहज मिळतात, तेव्हा ही शंका येणारच. नमुना करण्यासाठी, एखाद्या रुग्णाच्या मापाचा भाग बनवण्यासाठी किंवा जुन्या यंत्राचा न मिळणारा सुटा भाग करण्यासाठी ही पद्धत फार उपयोगाची आहे. पण जो नग साच्यातून काही सेकंदांत पडतो तो थराथराने छापायला बहुधा काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. दहा नग हवे असतील तर साचा करणे वेडेपणाचे, दहा लाख हवे असतील तर छापणे. अनेक साचे-कारखाने या यंत्रांवर साच्याचेच काही भाग करतात, विशेषतः आतून वळणे घेत जाणारे थंड पाण्याचे मार्ग, जे सरळ भोक पाडून करता येत नाहीत.

प्लास्टिकच नको असेल तर?

सर्वांत जड आक्षेप हाच. १९५० मध्ये जगात सुमारे २० लाख टन प्लास्टिक तयार झाले आणि २०१५ मध्ये सुमारे ३८ कोटी टन. तोपर्यंत कचऱ्यात गेलेल्या सर्व प्लास्टिकपैकी जेमतेम ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला, असा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. प्लास्टिक प्रदूषणावर जागतिक करार करण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने मार्च २०२२ मध्ये नैरोबीत केला, पण ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हाची फेरीही कराराविना संपली. ज्या घराण्यांनी एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंवर पैसा मिळवला त्यांना या प्रश्नापासून हात झटकता येणार नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी वीट आणि दहा मिनिटे वापरली जाणारी पिशवी एकाच उद्योगातून निघतात, आणि त्यांना एकाच तराजूत तोलणेही बरोबर नाही.

मग दाणे बदलले तर? पुनर्वापराचे किंवा वनस्पतींपासून केलेले दाणे त्याच यंत्रात घातले तर काम होणार नाही का? बाहेरच्या माणसाला हा साधा उपाय वाटतो, म्हणून यातली अडचण नीट पाहू. गोठताना प्रत्येक प्लास्टिक आकसते आणि प्रत्येकाचे आकसणे वेगळे असते. १०० मिलिमीटरचा भाग करताना एबीएस साधारण अर्धा मिलिमीटर आकसते, पॉलिप्रॉपिलीन साधारण दीड किंवा त्याहूनही जास्त. साचा कापतानाच हे आकसणे हिशेबात धरून तो तेवढा मोठा कापलेला असतो. म्हणजे पोलादातला तो खण केवळ वस्तूच्या आकाराचा नसतो. त्यात एका विशिष्ट प्लास्टिकचा स्वभाव गृहीत धरलेला असतो. शिवाय पुनर्वापराच्या दाण्यांची प्रत प्रत्येक पोत्यागणिक थोडी बदलू शकते, आणि मग आकसणेही बदलते. बादलीला हे चालते. एकमेकांत घट्ट बसणाऱ्या भागांना चालत नाही.

लेगोने २०१८ मध्ये उसापासून केलेल्या पॉलिथीनची झाडे-पाने बाजारात आणली. ती मऊ आणि लवचीक असतात, त्यांना विटेइतकी पकड द्यावी लागत नाही, म्हणून ते जमले. २०२१ मध्ये टाकाऊ बाटल्यांच्या पीईटीपासून केलेल्या विटेचा नमुना कंपनीने दाखवला. पीईटी हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे ते वितळवण्याआधी काटेकोरपणे वाळवावे लागते, आणि विटेला हवा तेवढा टणकपणा आणण्यासाठी त्यात इतर पदार्थ मिसळावे लागतात. २०२३ मध्ये कंपनीने हा प्रयत्न थांबवला. त्यासाठी कारखान्यांतली सामग्री एवढ्या प्रमाणावर बदलावी लागली असती की विटेच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब केल्यावर कार्बन उत्सर्जन एबीएसपेक्षा वाढलेच असते, असे तिने सांगितले. इतर पर्यायांवरचे काम चालू आहे. तोवर त्या घराण्याच्या विटांचे साचे १९६३ मध्ये निवडलेल्या प्लास्टिकच्या आकसण्याला धरूनच कापले जात आहेत.